पटावरची जिजी

मी सांगून राह्यले आन पूजा लिव्हून राह्यली. पूजा माझी नात, थोरल्या लेकीची. बारावीला हाये, टेंभुर्णीच्या कॉलेजात जाती म्हून माझ्यापाशी राहती. मला मोठी अक्षरं असली तर वाचता येतं, लिहायचं म्हणलं तर नुसती सही. मेंढरांचं लिव्हून झालं, माझ्या माहेरचं झालं, आत्याबाईच्या, म्हंजी माझ्या सासूच्या, दुखण्याचं बी झालं. पोरींच्या शाळंचं तेवढं मी मुद्दाम मागं ठिवलं व्हतं. पूजाला ह्यातलं काहीच मालूम न्हाई. लिहिता लिहिता कळंल तिला. येगळं बसवून सांगायचं मला जमलं नसतं.

मला दोन पोरी. थोरली जिजा, आम्ही जिजी म्हणायचो. धाकली मंदा. दोघीत दोन वरसाचं अंतर. आमचं घर गावाच्या भाईर गायरानाच्या कडंला, मातीच्या भिंती आन वर पत्रे. घरापुढं बोराट्या लावून मेंढरांचा वाडा. सत्तर-ऐंशी मेंढरं व्हती तव्हा. दिवस कलला की मेंढरं माळावून उतरायची आन वाड्यात कोंडलेली कोकरं वरडायला लागायची. त्या वरडण्यात आपसात बोललेलं ऐकू यायचं न्हाई. चुलीपाशी बसून मी जिजीला हाका मारायची, ती वाड्यातून वरडून जाब द्यायची, आन आत्याबाई खाटंवरून म्हणायच्या, "ह्या घरात मेंढरं कमी वरडतेत." कोकरं सोडली की एका दमात गप. ज्येला त्येला आपली आय सापडलेली. आता वाडा न्हाई, पर दिवस कलला की माझे कान अजून तिकडं जातेत.

खायला सकाळी ज्वारीच्या कण्या आन ताक, संध्याकाळी भाकर आन येसराची आमटी. सणावारी पोळी. कोकरं व्हायच्या दिवसात मेंढीच्या दुधाचा चहा, असा घट्ट की वर साय धरायची. मंदाला त्यो चहा आवडायचा न्हाई, तिला वास यायचा. तिला मेंढरांचाच वास यायचा. एडका नुसता म्होरं आला तरी माझ्या लुगड्यात शिरायची. जिजीचं उलटं. तिला मेंढरू बघून कळायचं कोणतं आजारी हाये. एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं आन दुसरीकडं बिनआईचं कोकरू असलं, तर आमच्यात काय करतेत, त्या मेंढीचं दूध पिळायचं आन त्या परक्या कोकराच्या पाठीला, शेपटीला चोळायचं. मंग दोघांना एका खुड्यात कोंडायचं. मेंढी दोन दिस ढुसण्या देती, हुंगती, परत ढुसण्या देती. तिसऱ्या दिशी आपल्याच दुधाचा वास आला की उभी राहून पाजती. हे काम जिजी आठ वरसाची असताना मोठ्या माणसावानी करायची. जिजीचा बाप म्हणायचा, "हिच्या हातानं लावलेलं कोकरू मेंढी टाकत न्हाई."

जिजीला शाळंत घातलं ते गुरुजींनी. म्हातारे गुरुजी व्हते, सायकलवर वस्तीत आले, वाड्यापाशी उभं राहून म्हणले, "बाई, ही पोरगी मेंढरं मोजून राह्यली ती बराबर मोजून राह्यली. हिला द्या माझ्याकडं." मी म्हणलं न्या. खताच्या गोणीचं दप्तर शिवलं, आत एक पाटी. पहिली झाली, दुसरीत गेली. पाढे म्हणत मेंढरामागं फिरायची, आन म्हणायची, माय, ती कानफाटी मेंढी सतराच्या पाढ्याला हमेशा शिंकती. संध्याकाळी पाटीवर मंदाला अक्षरं काढून दाखवायची. मंदाला शाळंत घातलं न्हवतं. घालू घालू म्हणत ऱ्हायलं. आत्याबाईचं एका बाजूचं अंग गेलेलं, त्यांना उठवायला-बसवायला, पाणी द्यायला घरात एक पोरगी लागायची. आत्याबाईंचं तोंड बी अर्धं वाकडं झाल्तं, पर बोलायच्या. "माझं अर्धं तोंड तुझ्या सगळ्या तोंडाला भारी हाये," म्हणायच्या मला. ते खरं व्हतं.

दिवाळी झाली की आमची मेंढरं गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, जायची. तिकडं काळ्या रानात शेतकऱ्याच्या वावरात रातची बसवायची, लेंड्याचं खत व्हतं, त्येच्या बदल्यात जवारी मिळती. मिरगाच्या आधी परत. मेंढरामागं दोन माणसं लागतेत, एक म्होरं, एक मागं. आजवर जिजीचा बाप आन माझा दीर जायचे. त्या वरसी दीर येगळा निघाला, निम्मी मेंढरं घेऊन गेला. आत्याबाईला सोडून मला जाता येईना. मंदा मेंढराला भ्यायची. राह्यलं कोण? ज्येला काम येतं त्यालाच काम लागतं, हे मी तव्हा शिकले आन पोरीला बी तेच शिकवलं.

जिजी म्हणली, "माय, माझी दुसरी?"

म्या म्हणलं, "मिरगात परत येशील. तिसरीत बसवते तुला. बिलकुल बसवते."

"नाव कटलं तर?"

"न्हाई कटू देत."

तिनं पाटी मंदाला दिली, म्हणली फोडू नको, आन बापाच्या मागं गेली. घोंगडं तिच्या पायात येत व्हतं. नऊ वरसाची व्हती.

गुरुजींची बदली झाली आन नवीन मास्तरीणबाई आल्या. भल्या व्हत्या, मी नाव ठिवणार न्हाई. पंधरा दिसांनी त्या वस्तीवर आल्या, दारात उभ्या राहून म्हणल्या, "मावशी, तुमची जिजा येत नाही. असंच राहिलं तर पटावरून नाव कमी करावं लागंल. मला वर कळवावं लागतं." म्या जिजीला शब्द दिला व्हता. एसटीत माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतेत, तसंच माझ्या मनात आलं. जागा धरून ठिवायची, पोरगी आली की रुमाल उचलायचा. मंदा तिथंच आत्याबाईच्या पायाला तेल लावत बसली व्हती. म्या म्हणलं, "हीच की जिजा. आजीच्या दुखण्यानं घरी व्हती. उद्यापून येती."

बाईंनी मंदाकडं पाह्यलं. "ही दुसरीतली? लहान वाटते."

आत्याबाई खाटंवरून म्हणल्या, "आमच्यात समदेच बारके ऱ्हातेत. मला पाहा." बाई हसल्या आन गेल्या.

कोणी म्हणंल, गावातल्या लेकरांनी सांगितलं कसं न्हाई? आमच्यात प्रत्येकाला घरचं नाव येगळं आन शाळंतलं येगळं. घरी बाळू तर शाळंत ज्ञानेश्वर. लेकरं दोन दिस हसली, तिसऱ्या दिशी तेबी मंदाला जिजाच म्हणायला लागले. मी मंदाला एवढंच शिकवून धाडलं व्हतं, हजेरीला जिजा म्हणलं की हजर म्हणायचं. माझ्या मनात सहा म्हैन्याची गोष्ट व्हती.

पर मंदा रमली. खुड्यातल्या कोकराचं व्हतं तसंच झालं. घरात कोपऱ्यात बसणारी पोरगी, जिजीच्या पाटीवर जेवढं शिकली व्हती तेवढ्यावर दुसरी पास झाली. बाई मला रस्त्यात म्हणल्या, "मावशी, जिजा फार पुढं जाईल." मी हो म्हणलं आन डोक्यावरचा हंडा सावरला.

मिरगाच्या आधी मेंढरं आली. जिजी काळी झाल्ती, टाचा फुटलेल्या, आन आवाज बसल्यावानी झाल्ता हाका मारून मारून. शाळा उघडायच्या दिशी तिनं केस धुतले, दप्तर घेतलं. म्या मंदाला म्हणलं, तू आज घरी राह्य. पर मी भाकरी थापायला बसले आन ती मागल्या दारानं शाळंत गेली. दोघी बी गेल्या.

थोड्या येळानं एक पोरगं निरोप घेऊन आलं, बाईंनी बलावलं. मी हाताचं पीठ धुवून गेले. तिसरीचा वर्ग, लेकरं गप. मंदा बस्करावर खाली मान घालून बस्कराची सुतळी उसवून राह्यली. जिजी दारापाशी दप्तर छातीशी धरून उभी. बाईंनी हजेरी घेतली तव्हा दोघीनं एकदम हजर म्हणलं व्हतं. लेकरं हसली व्हती, मंग बाई रागवल्या व्हत्या.

बाई म्हणल्या, "मावशी, घाबरू नका. पण माझ्या पटावर जिजा एकच आहे. ती कोणती?"

म्या म्हणलं, "दुसरं काही करता येतं का?"

"चुकीची नोंद निघाली तर तपासणीला मला जाब द्यावा लागंल. आणि जी पोरगी खोट्या नावावर शिकली तिचं शिक्षण बाद होईल. पहिल्यापासून बसावं लागंल तिला. तुम्हीच सांगा."

आता म्हणलं तर लई सांगता येतं. की बाईंची नौकरी जाईल असं वाटलं, की मंदा परत खाटंच्या कोपऱ्यात बसंल असं वाटलं. ते खरं हाये. पर त्या दारात उभी असताना म्होरं काय आलं ते बी सांगते. दिवाळी आली. दिवाळीला जिजीला परत गंगथडीला जायचंच व्हतं. जी जाणार हाये तिला कशाला बसवायचं. हे मनात यायला भाकरी पलटायला लागतो तेवढा बी येळ लागला न्हाई.

म्या मंदाकडं बोट केलं. म्हणलं, "ही."

"मग ही मोठी?"

"ही मंदा. हिचं नाव घातलंच न्हवतं."

जिजी मंदाहून वीतभर उंच. बाईंनी दोघीकडं पाह्यलं, मंग माझ्याकडं पाह्यलं. त्यांना समजलं. वही काढली आन पहिलीच्या पटावर मंदा लिव्हलं, आन जिजीला म्हणल्या, "जा, पहिलीत जाऊन बस."

पूजा हितं थांबली. पेन तसाच हातात धरून बसली. म्हणली, "आजी, म्हंजी माझी आई?" तिच्या दाखल्यावर, आधारावर, समदीकडं आईचं नाव मंदा हाये. हितं आल्यावर आम्ही जिजी म्हणतो ते तिला लाडाचं नाव वाटायचं. सुरवातीला म्या थोरली जिजा म्हणलं, ती म्हातारीची चूक समजून तिनं तसंच लिव्हलं व्हतं. म्या म्हणलं, हो. लिव्ह म्होरं.

येताना रस्त्यात मी म्होरं, जिजी मागं. बाभळीपाशी आल्यावर ती म्हणली, "माय, घरी मी जिजीच ना?"

"घरी जिजीच."

"मंग ठीक."

तिला रडू आलं न्हाई. मला बी आलं न्हाई. घरी जाऊन उरलेल्या भाकरी केल्या. जिजीचा बाप जेवता जेवता म्हणला, "दोन पोरी, दोन नावं. मेंढरं काय नाव इचारत न्हाईत." आत्याबाईंनी मातर त्या दिशी ताटाला हात लावला न्हाई. म्या इचारलं काय झालं, तर भिंतीकडं तोंड करून म्हणल्या, "मेंढीला फशिवतेत तवा कोकरू मेलेलं असतंय गं. तुझं जितं व्हतं." मी ताट उचललं, खरकटं कुत्र्याला घातलं.

जिजी पहिलीत पाच-सहा दिस बसली असंल. एक दिशी सकाळी मी दप्तर दिलं तर तिनं ते खुंटीला अडकवलं, काठी घेतली आन मेंढरं सोडली. का, ते मी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं आन मंग मला काहीतरी करावं लागलं असतं.

मंग वरसं गेली. दिवाळीला जाणं, मिरगाला येणं. मंदाचं नाव शाळंत जिजा, आन पाचवीपून ती टेंभुर्णीला जायला लागली तर तिथं तिला मंदा म्हणणारं कोणीच न्हवतं. घरी अभ्यासाला बसली की जिजी तिच्यापाशी लोकर पिंजत बसायची. कव्हा कव्हा तिची वही घेऊन पाह्यची. वहीवर पहिल्या पानाला नाव लिव्हलेलं असायचं, जिजा, आन बापाचं नाव. त्याच्यावर बोट फिरवायची आन वही परत द्यायची. दोघीत भांडण कव्हाच झालं न्हाई. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. घरात दोन पोरी आन भांडणाचा आवाज न्हाई, फक्त कोकरांचा.

मंदा दहावी पास झाली. वस्तीतली पहिली पोरगी. झेंड्याच्या दिशी गावच्या शाळंत भोंगा लावला व्हता, सरपंच आल्ते, पास झालेल्यांना नारळ आन टोपी-टावेल. पोरींना काय द्यावं म्हून पातेलं आणलं व्हतं. मी आत्याबाईची वाकळ धुवून राह्यले व्हते, गेले न्हाई. जिजी शाळंच्या मागच्या माळावर मेंढरं घेऊन व्हती. दुपारी आली, घागरीतून तांब्याभर पाणी पेली आन म्हणली, "माय, भोंग्यात माझं नाव घेतलं."

मी पिळा धरलेला तसाच धरला.

"पुरं नाव घेतलं. बापाचं बी. पहिल्या नंबरानं पास झाले म्हणं मी." आन हसली. "मेंढरांनी बी वर पाह्यलं."

मंदा तेवढ्यात पातेलं घेऊन आली. तिनं ऐकलं. पातेलं जिजीच्या म्होरं ठिवलं आन रडायला लागली. जिजी म्हणली, "ए, रडू नको. नाव तर माझंच मोठं केलंस ना? आन पातेलं चांगलं हाये, जाड बुडाचं हाये." पुढल्या वरसी जिजीचं लगीन राजूरकडं झालं तव्हा ते पातेलं तिनं संगं नेलं. लग्नपत्रिकेत मंदा छापलं, कारण कागद तेच. मांडवात भटजींनी मंदा म्हणलं की बाया हळूच माझ्याकडं बघायच्या. मी अक्षता निवडत व्हते.

आता धाकली जालन्यात हाये. एमआयडीसीत बियाणं पाकिटात भरतेत तिथं लिहायच्या कामाला. तिचा नवरा, सासू, समदे तिला जिजा म्हणतेत. फोन येतो तव्हा म्हणती, "माय, मंदा बोलून राह्यले," आन लगेच आवाज बारीक करती, जवळ कोणी असंल तर. थोरली राजूरला, चार बकऱ्या हायेत, रोजंदारीनं जाती. दोघी बी माझ्यावर ध्यान ठिवतेत. लोक म्हणतेत, गयाबाई, तुझ्या पोरी गुणाच्या. हायेत. मला त्यात काही वाटून घ्यायला जागाच सापडत न्हाई. गुडघा दुखतो तेवढं कळतं, बाकी अंगाला काही कळत न्हाई.

हे एवढं लिव्हून झालं व्हतं. मी म्हणलं व्हतं पूजाला, हितं बंद कर. पर काल जिजी आल्ती, तुरीच्या शेंगा घेऊन. वसरीत बसून सोलून राह्यली व्हती. पूजा दोन दिस झाले आईशी फोनवर नीट बोलत न्हवती, ती आल्यापून नुसती तिच्याकडं बघायची. काल तिनं वही आणली आन म्हणली, "आई, आजीनं सांगितलंय. वाचू?" जिजी म्हणली वाच. मी तिथंच व्हते. उठून जावं वाटलं, पर गुडघ्यानं जल्दी उठवंना.

पूजानं समदं वाचलं. शेंगा सोलायच्या थांबल्या न्हाईत. भोंग्याचं आलं तव्हा जिजी थोडी हसली. वाचून झाल्यावर टोपल्यातला पाला येगळा केला आन म्हणली, "बराबर हाये. एक चुकलं. पाच-सहा दिस न्हाई, माय. नऊ."

म्या म्हणलं, "नऊ बसलीस?"

"शनवार धरून नऊ. बारकी बारकी लेकरं व्हती. कोणाचं नाक पुस, कोणाची चड्डी बांध. पर अक्षरं गिरवून राह्यले व्हते मी. चालून गेलं असतं मला. नवव्या दिशी बाई म्हणल्या, मंदा, तू मोठी हायेस, मला तिसरीला शिकवायचंय, तवर ह्या लेकरांकडं ध्यान ठिव, उठू देऊ नको कोणाला." तिनं एक किडकी शेंग भाईर फेकली. "म्हणलं राखायचंच हाये तर मेंढरं काय वाईट हायेत."

भिंतीपलीकडं शेजाऱ्याच्या पोराची गाडी चालू व्हईना, त्यो किका मारून राह्यला व्हता.

पूजा खोडायला लागली. जिजीनं तिचा हात धरला. म्हणली, "खोडू नको. ते मायला जेवढं आठवलं तेवढं तिचं. खाली माझं लिव्ह."

पूजानं इचारलं, "कोणत्या नावानं लिव्हू?"

जिजी शेंगा सोलत ऱ्हायली. तिनं मान वर केली न्हाई. ती सांगत न्हाई म्हून मंग म्याच सांगितलं. म्हणलं, जिजा नऊ दिस पहिलीत बसली व्हती, असं लिव्ह.